वाट देण्याचा धर्म

रस्त्याच्या कडेला उभी असलेली पाटी माणसाला एखादी गोष्ट करायला लावते ती नेमक्या कोणत्या बळावर, हा प्रश्न वरवर वाहतूक-व्यवस्थेचा वाटत असला तरी त्याचे मूळ धर्मचिंतनात आहे. कारण ‘अमुक करावे’ आणि ‘अमुक करू नये’ अशी वाक्ये ऐकणाऱ्याला कशी बांधतात, याचा जितका बारीक विचार भारतीय परंपरेत पूर्वमीमांसेने केला, तितका दुसऱ्या कोणत्याही दर्शनाने केलेला नाही. पूर्वमीमांसा म्हणजे वेदातील कर्मपर वाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र. जैमिनींनी धर्माची ओळखच प्रवृत्त करणाऱ्या वचनावरून करून दिली आणि त्यामुळे वचनाचा अधिकार हा या शास्त्राचा मध्यवर्ती विषय झाला. हे शास्त्र यज्ञमंडपातून बाहेर आणून पायी चालणारे आणि सायकलवरून जाणारे यांच्या सामायिक वाटेवर, म्हणजे दोघांनाही एकाच पट्ट्यातून जावे लागते अशा वाटेवर, लावून पाहिले तर दोन गोष्टी स्पष्ट होतात: पाटी काय करू शकते, आणि जे तिच्या आवाक्यातले नाही ते कोणावर सोपवलेले असते.

या परीक्षेसाठी देवळाली कॅम्प हे ठिकाण सोयीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सैन्याचा तळ म्हणून वसलेली ही छावणी आज तोफखाना प्रशिक्षणासाठी ओळखली जाते, आणि त्याच वेळी कोरड्या, थंड हवेमुळे येथे पारशी, गुजराती, जैन अशा अनेक समाजांची आरोग्यभवने आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. परिणामी नाशिक रोडकडून कॅम्पात येणाऱ्या लॅम रोडवर आणि भगूरच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेपासून जी वर्दळ सुरू होते ती मोठी संमिश्र असते. हवापालटासाठी आलेली वृद्ध जोडपी, साडीवर पांढरे बूट घालून तिघी-चौघींच्या ओळीने चालणाऱ्या बायका, दौड करणारे जवान, शाळेत निघालेली मुले, दुधाचे कॅन लावलेल्या सायकली, आणि वेगाचा सराव करणारे सायकलपटू हे सारे एकाच कडेवर येतात. नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही, येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही खडतर शर्यत पूर्ण केल्यानंतर पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांना शहरात प्रतिष्ठा आली. ज्या रस्त्यावर एकाची सकाळ म्हणजे विश्रांती आणि दुसऱ्याची सकाळ म्हणजे सराव, तेथे वाट कोणाची, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो.

मीमांसकांच्या मते विधी, म्हणजे एखादे कर्म करण्यास सांगणारे वाक्य, ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रेरणा उत्पन्न करते. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने या प्रेरणेला ‘भावना’ म्हटले आणि तिचे दोन प्रकार केले: शब्दाने ऐकणाऱ्याला प्रवृत्त करणे ही शाब्दी भावना, आणि प्रवृत्त झालेल्या माणसाने फळासाठी प्रयत्न करणे ही आर्थी भावना. येथे एक महत्त्वाचा भेद आहे. लौकिक व्यवहारात मालक नोकराला पाणी आणायला सांगतो तेव्हा प्रेरणा मालकाच्या इच्छेत असते. वेदाला मात्र मीमांसक अपौरुषेय, म्हणजे कोणाही पुरुषाने न रचलेला मानतात, म्हणून तेथे ती प्रेरणा प्रत्यक्ष शब्दातच वसते. रस्त्यावरची पाटी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी असते. तिला कर्ता आहे. ती कॅन्टोन्मेंट बोर्डाने, महापालिकेने किंवा बांधकाम खात्याने लावलेली असते. पण वाचणाऱ्याच्या समोर तो कर्ता नसतो, त्याची मुद्रा दिसत नाही, त्याला उलट विचारता येत नाही, आणि सायकलस्वार पाटीपाशी पोहोचतो तेव्हा पाटी लिहिणाऱ्याची बदली होऊनही काही वर्षे लोटलेली असतात. व्यवहारात ती जवळजवळ अपौरुषेय झालेली असते, मात्र अपौरुषेय वचनाला लाभणारी श्रद्धा तिच्या वाट्याला आलेली नसते.

तरीही काही पाट्या पाळल्या जातात. तोफांच्या सरावाचे क्षेत्र जेथे सुरू होते तेथील धोक्याची सूचना आणि गोळीबाराच्या वेळी फडकणारे लाल निशाण यांकडे त्या परिसरातला गुराखीही दुर्लक्ष करत नाही. मंडनमिश्रांनी ‘विधिविवेक’ या ग्रंथात विधीचे जे स्पष्टीकरण दिले त्यात याचे उत्तर सापडते. त्यांच्या मते विधिवाक्य हे मुळात ‘हे कर्म तुझ्या इष्टाचे साधन आहे’ एवढेच ज्ञान देते. त्याला ते ‘इष्टसाधनता’ म्हणतात, आणि माणूस प्रवृत्त होतो तो हुकमामुळे नव्हे, तर या ज्ञानामुळे. लाल निशाण कोणाला आज्ञा करत नाही, पलीकडे मृत्यू आहे एवढेच सांगते, आणि तेवढे पुरेसे असते. सामायिक वाटेवरच्या पाटीची अडचण अशी की ती पाळण्याने होणारे इष्ट बहुधा दुसऱ्याचे असते. सायकलस्वाराने वेग कमी केला तर सुरक्षित होते ती पुढे चालणारी वृद्धा. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त मोडलेला ठेका आणि पुन्हा वेग घेण्याचे श्रम. ‘अति घाई, संकटात नेई’ यांसारख्या घोषणा ही उणीव भरून काढू पाहतात. मीमांसेच्या भाषेत त्या ‘अर्थवाद’ होत, म्हणजे स्वतः विधी नसलेली, पण स्तुती किंवा निंदा करून विधीला बळ देणारी वाक्ये. पण या अर्थवादातले संकटही वाचणाऱ्याचेच आहे. दुसऱ्यावर ओढवणाऱ्या संकटाची आठवण करून देणारी घोषणा रस्त्यावर सहसा दिसत नाही, आणि नेमकी तिचीच सामायिक वाटेला गरज असते.

पाटीच्या अर्थाविषयी होणारे बहुतेक वाद मीमांसकांनी केलेल्या विधीच्या त्रिविध वर्गीकरणाने उलगडतात. लौगाक्षी भास्करांचा ‘अर्थसंग्रह’ आणि गोदातीरच्या एकनाथांच्या वंशातले मानले जाणारे आपदेव यांचा ‘मीमांसान्यायप्रकाश’ या प्रवेशग्रंथांत ते सुबोधपणे मांडलेले आहे. जे अन्य कोणत्याही मार्गाने कळले नसते ते सांगणारा तो अपूर्वविधी. अनेक पर्याय मोकळे असताना त्यांपैकी एकच घ्यावा असे ठरवून देणारा तो नियमविधी. भाताचे तूस नखांनीही काढता येते, पण यज्ञासाठी ते कांडूनच काढावे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी प्राप्त असताना एकीचे नाव घेऊन दुसरी वगळणारा तो परिसंख्याविधी. पाच नखांचे पाचच प्राणी भक्ष्य होत असे जेव्हा शास्त्र सांगते तेव्हा ते खाण्याची आज्ञा देत नसते, इतर पंचनखी प्राण्यांना मज्जाव करत असते.

आता ‘सायकल मार्ग’ एवढेच लिहिलेली पाटी घ्यावी. सायकलस्वाराला मुख्य रस्ता आणि कडेचा पट्टा असे दोन पर्याय असताना त्याने पट्टा घ्यावा, असा तिचा अर्थ केला तर तो नियमविधी होतो आणि तिचा रोख फक्त सायकलस्वारावर राहतो. पट्ट्यात सायकलखेरीज कोणी पाऊल टाकू नये, असा अर्थ केला तर तो परिसंख्याविधी होतो आणि तीच पाटी पादचाऱ्यावर उगारलेली काठी बनते. पहाटे होणाऱ्या चकमकींत सायकलस्वार बहुधा दुसरा अर्थ गृहीत धरून ओरडतो आणि चालणारा पहिला अर्थ गृहीत धरून चकित होतो. मीमांसक परिसंख्येकडे वळण्यास नाखूष असतात, कारण तिच्यात तीन दोष मानले आहेत: वाक्याचा सरळ अर्थ टाकावा लागतो, त्यात न सांगितलेला अर्थ कल्पावा लागतो, आणि जे सहजप्राप्त होते त्याला बाध आणावा लागतो. दुसरी गतीच नसेल तेथेच परिसंख्या पत्करावी, हा त्यांचा दंडक रस्त्यावरही लागू करण्यासारखा आहे. ज्या वाटेवर पदपथच नाही, तेथे पट्ट्यातून चालणाऱ्याला हुसकावण्यासाठी पाटीचा दाखला देणे हे चुकीचे वाचन ठरते. कारण त्या वाचनाने चालणाऱ्याला आधीपासून असलेला वाटेचा हक्क बाधित होतो आणि पाटीने मात्र तसे काही म्हटलेले नसते.

पाटी चित्रमय असेल तर हा प्रश्न अधिकच सूक्ष्म होतो, कारण चित्रात क्रियापदच नसते. जर्मनीत निळ्या गोल पाटीवर पादचारी आणि सायकल यांची पांढरी चित्रे असतात; दोहोंच्या मध्ये आडवी रेघ असेल तर पूर्ण वाट दोघांची सामायिक असते, आणि उभी रेघ असेल तर दोघांसाठी शेजारी-शेजारी वेगळे पट्टे असतात. एका रेघेच्या दिशेवर एवढा अर्थभेद टांगलेला असतो आणि तो ज्याने आधी शिकून घेतला आहे त्यालाच दिसतो. भारतात रस्त्यावरील चिन्हांचे प्रमाणीकरण इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था करते. बंधनकारक चिन्हे गोल, सावधगिरीची त्रिकोणी आणि माहिती देणारी चौकोनी, ही विभागणी तिच्या संहितेत आहे. म्हणजे आज्ञा, इशारा आणि माहिती हा भेद क्रियापदाऐवजी आकाराने व्यक्त केलेला आहे. हे व्याकरण वाहन-परवान्याच्या परीक्षेत शिकवले जाते, पण सायकलला परवाना लागत नाही आणि पायी चालण्याला तर कधीच लागला नव्हता. तेव्हा सामायिक वाट वापरणाऱ्या दोन्ही वर्गांना त्या भाषेचे शिक्षण कोणीही दिलेले नसते.

येथे मीमांसेची ‘अधिकार’ ही संकल्पना उपयोगी पडते. विधी कोणाला उद्देशून आहे, हे ठरवताना मीमांसक ऐकणाऱ्याचे सामर्थ्य पाहतात. जो कर्म करण्यास समर्थ नाही त्याच्यावर विधीचे बंधन पडत नाही. सामायिक वाटेवर वावरणाऱ्यांपैकी किती जण पाटीचे अधिकारी आहेत, हे मोजून पाहावे. पाच वर्षांचे मूल नाही. मोतीबिंदू झालेले आजोबा नाहीत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही न वाचता येणारी, कच्छहून हवापालटासाठी आलेली पाहुणी नाही. आणि दोरी सोडलेला कुत्रा तर नाहीच. पाटी वाचू शकणारा, तिचा अर्थ जाणणारा आणि त्याप्रमाणे वागण्याचे शारीरिक सामर्थ्य असलेला माणूस बहुधा सायकलवर बसलेला असतो. म्हणून अधिकाराच्या कसोटीवरच विधीचा भार त्याच्याकडे सरकतो. त्याने अधिक सज्जन असावे अशी अपेक्षा म्हणून नव्हे, तर त्या वाटेवर विधी ऐकू शकणारा तोच असतो म्हणून.

हाच विचार सायकलच्या घंटीला लावून पाहण्यासारखा आहे. तिघी जणी गप्पा मारत रस्त्याच्या कडेने चालल्या आहेत आणि मागून घंटी वाजते. तेव्हा एक डावीकडे सरकते, दुसरी उजवीकडे, आणि मधली जागीच थांबून मागे वळून पाहते. मोकळा असलेला एक हात रुंदीचा मार्गही त्या क्षणी बंद होतो. हे गोंधळाचे दृश्य वेंधळेपणाचे नाही, अर्थनिर्णयाचे आहे. विधिवाक्य ऐकणाऱ्याला ‘हा मला प्रवृत्त करतो आहे’ असे ज्ञान होते, असे मीमांसक म्हणतात. घंटीनेही तेच ज्ञान होते, पण कशासाठी प्रवृत्त करतो आहे हे मात्र कळत नाही. सायकलस्वाराला बहुधा ‘मी येतो आहे, तुम्ही आहात तशा चाला’ असे सुचवायचे असते. ऐकणाऱ्याला मात्र ‘बाजूला व्हा’ असे ऐकू येते. घंटी फार जवळून वाजली तर तिचा आज्ञा हाच अर्थ उरतो, कारण विचाराला वेळ राहत नाही. ती वीस पावले आधी हलकेच वाजली आणि मागोमाग ‘उजवीकडून येतोय, मावशी’ असे शब्द आले तर ती माहिती होते. आज्ञा आणि माहिती यांतला फरक येथे आवाजाने पडत नाही. तो अंतराने आणि ऐकणाऱ्याला दिलेल्या अवधीने पडतो.

वाट कोणी कोणाला द्यावी, या प्रश्नाला धर्मशास्त्राने थेट उत्तर दिलेले आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांना वाट द्यावी अशांची यादी येते: चाकाच्या वाहनातला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, अध्ययन संपवून आलेला स्नातक, राजा आणि वर. याज्ञवल्क्यस्मृतीत आणि गौतमधर्मसूत्रातही थोड्याफार फरकाने अशाच याद्या आहेत. आपस्तंबधर्मसूत्राने त्यात एक वेगळे कलम घातले आहे: मद्यधुंद, वेडा, पतित, असंस्कृत अशांनाही वाट द्यावी, पण ती स्वतःचे कल्याण राखण्यासाठी. या यादीचे पृथक्करण केले तर वाट देण्याची तीन वेगवेगळी कारणे हाती येतात. राजा, स्नातक आणि वर यांना वाट मिळते ती मानामुळे. वृद्ध, रोगी आणि ओझेकरी यांना मिळते ती असामर्थ्यामुळे, कारण त्यांना चटकन बाजूला होता येत नाही. भरलेल्या गाडीलाही ती याच कारणाने मिळते, कारण बैलगाडी रुळलेल्या चाकोरीतून बाहेर काढणे चालणाऱ्याने एक पाऊल सरकण्यापेक्षा फार कष्टाचे असते. आणि मद्यधुंदाला मिळते ती देणाऱ्याच्या आत्मरक्षणासाठी.

या पृथक्करणातून आजच्या वाटेविषयी एक नेमका निष्कर्ष निघतो. चाकाला वाट द्यावी हा जुना नियम आणि चाकाने पादचाऱ्याला वाट द्यावी ही आजची अपेक्षा, या दोहोंत वरवर विरोध दिसतो, पण नियमामागचे कारण एकच आहे: ज्याला वळणे कठीण त्याला वाट द्यावी. बैलगाडीच्या काळात वळणे चाकाला कठीण होते; आजची सायकल हलकी, वळती आणि हाताच्या दोन बोटांनी थांबणारी आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या चालणाऱ्यालाच पटकन बाजूला होणे कठीण असते. शब्द उलटला तरी न्याय तोच राहतो. उलट, आज मोटारीपुढे चालणारा किंवा सायकलस्वार जेव्हा घाईने कडेला होतो तेव्हा तो आपस्तंबाच्या शेवटच्या कलमाखाली वागत असतो. ती दिलेली वाट नसते, जीव वाचवण्यासाठी सोडलेली वाट असते. सायकलस्वारांच्या वर्तनाची खरी कसोटी हीच आहे की मोटारवाल्याकडून जी वागणूक त्यांना जाचते तीच ते चालणाऱ्याला देतात की काय.

पहिल्या कारणाविषयी, म्हणजे मानाविषयी, महाराष्ट्रात बोलताना इतिहास विसरून चालत नाही. मानापोटी वाट देण्याची व्यवस्था जातीच्या उतरंडीला जोडली गेली तेव्हा काही माणसांना रस्त्यावर सावलीसकट बाजूला व्हावे लागले. नाशिकमध्येच २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षे चालवला; तो मंदिराच्या दाराचा लढा होता, तसाच तो देवापर्यंत जाणाऱ्या सार्वजनिक वाटेचाही होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या वापरावर बंधन घालण्यास मनाई केली, तेव्हा मानावर आधारलेली वाट कायद्याने संपली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडला, आणि त्यामुळे असामर्थ्यावर आधारलेल्या वाटेला नवे अधिष्ठान मिळाले. तरीही मानाचा अवशेष आज वेगळ्या वेषात परत येतो: हजारो रुपयांची सायकल, डोक्यावर शिरस्त्राण, अंगात तंग जर्सी आणि मनगटावर वेग मोजणारे घड्याळ असलेला माणूस आपल्या सरावाला एक दर्जा आहे असे मानू लागतो, आणि तोच दर्जा दुधाच्या कॅनवाल्या सायकलला द्यायला तयार नसतो.

वाटेचे भांडण मिटवण्याचा एक जुना उपाय म्हणजे वाटाच वेगळ्या करणे. सिंहस्थात अग्रस्नानाचा मान कोणाचा, यावरून शैव आणि वैष्णव आखाड्यांत पूर्वी रक्तपात झाले. शेवटी शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर आणि वैष्णव आखाड्यांनी नाशिकच्या रामकुंडावर स्नान करावे अशी विभागणी रूढ झाली आणि ती आजही पाळली जाते. वेगळा सायकल पट्टा, मध्ये कठडा, उभी रेघ हे सारे याच जातीचे उपाय होत, आणि वर्दळ फार असेल तेथे त्यांना पर्याय नसतो. परंतु विभागणीने शांतता येते ती एकमेकांशी संबंधच न उरल्यामुळे. सहवासाचा प्रश्न तिने सुटत नाही, पुढे ढकलला जातो. शिवाय छावणीतल्या जुन्या झाडांनी वेढलेल्या रस्त्यांवर दोन पट्ट्यांना पुरेशी रुंदी काढायची तर झाडे तोडावी लागतील, आणि ज्या सावलीसाठी लोक तेथे चालायला येतात तीच जाईल.

दुसरा उपाय याच्या अगदी उलट आहे. नेदरलँड्समधील वाहतूक अभियंता हान्स मॉन्डरमन यांनी द्राख्तन या गावातल्या वर्दळीच्या चौकातून सिग्नल आणि बहुतेक पाट्या काढून टाकल्या. पाटी नसली की माणसे एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहतात आणि आपोआप सावध होतात, अशी त्यांची भूमिका होती. धर्मशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी श्रुतिस्मृती बाजूला ठेवून सदाचारावर, म्हणजे शिष्टांच्या प्रत्यक्ष वागण्यावर, सगळा भार टाकला. हा विचार मोहक आहे, पण अधिकाराच्या कसोटीवर तो तोकडा पडतो. डोळ्याला डोळा देऊन वाट ठरवायची तर दृष्टिहीन माणसाने काय करावे? ब्रिटनमध्ये दृष्टिहीनांच्या संस्थांनी हाच आक्षेप लावून धरला आणि २०१८ साली तेथील शासनाने पदपथ व रस्ता एकाच पातळीवर आणणाऱ्या नव्या योजना थांबवण्यास सांगितले. तेव्हा पाटी आणि कठडा हे दुबळ्यासाठी असतात, कारण बलवान आपली वाट पाटीशिवायही काढतो. वेगाला आवर घालणारी पाटी दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली तरच तिला धर्म म्हणता येईल. तीच पाटी बलवानाने मालकीचा दाखला म्हणून वापरली की तिचे प्रयोजनच उलटते.

म्हणून प्रश्न पुन्हा वागणुकीशी येतो, आणि वागणुकीचा सर्वांत काटेकोर विचार देवळालीच्या रस्त्यांवर अनवाणी चालणाऱ्या जैन साधु-साध्वींच्या आचारात सापडतो. जैन आचारात पाच ‘समिती’ सांगितल्या आहेत. समिती म्हणजे कर्म करताना बाळगायची सावधानता. त्यांतली पहिली ईर्यासमिती ही चालण्याविषयी आहे: दिवसा उजेडी, रुळलेल्या वाटेने, पुढची सुमारे चार हात जमीन पाहत, कोणा जिवाला इजा होणार नाही असे पाऊल टाकावे. हात सुमारे ४५ सेंटीमीटरचा धरला तर चार हात म्हणजे १.८ मीटर, ताशी साडेचार किलोमीटर चालणाऱ्याला हे अंतर कापायला जवळजवळ दीड सेकंद लागतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल तेच अंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत कापते. पाहिलेले मनात उतरण्याआधीच चाक तेथे पोहोचलेले असते. चालणाऱ्याइतकाच अवधी सायकलस्वाराला हवा असेल तर त्याने निदान सात मीटर पुढची वाट मोकळी दिसत असतानाच तो वेग ठेवला पाहिजे, आणि वळणावर, झाडाआडून, फाटकातून कोणी बाहेर येण्यासारखे असेल तर दिसणाऱ्या अंतराच्या मानाने वेग उतरवला पाहिजे. ईर्यासमितीचा गाभा चार हातांत नाही. जितके दिसते तितक्याच वेगाने जावे, यात तो आहे, आणि हे सांगणारी पाटी प्रत्येक वळणावर लावता येत नाही.

ज्ञानदेवांनीही ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना हाच क्रम धरला आहे, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. ते आधी यज्ञातली हिंसा विधीच्या आधारे योग्य ठरवणाऱ्या पूर्वमीमांसेचा उपरोधाने समाचार घेतात, आणि मग अहिंसा मनात मुरलेला माणूस कसा ओळखावा हे सांगताना सुरुवात करतात ती त्याच्या चालण्यापासून. तो पाऊल किती हळुवार टाकतो, पायाखाली जीव येईल या शंकेने कसा थबकतो, येथपासून ते बोलणे, पाहणे आणि हातांच्या व्यवहारापर्यंत जातात. विधी अचूक पाळूनही हिंसा होऊ शकते, हे त्यांच्या टीकेचे सार आहे. सामायिक वाटेवर वेगमर्यादेच्या आत राहून, आपल्या बाजूने, घंटी वाजवत जाणारा सायकलस्वारही एखाद्या वृद्धेच्या मनात अशी धास्ती बसवू शकतो की ती दुसऱ्या दिवसापासून फिरायला येणेच बंद करते; त्याने कोणताही नियम मोडलेला नसतो, आणि तरी तिची वाट त्याने हिरावलेली असते.

याचा अर्थ चालणाऱ्यावर काहीच कर्तव्य नाही असा नव्हे. चौघांनी हातात हात घालून पूर्ण रुंदी व्यापणे, कानात गाणी लावून मागचे जग बंद करणे, कुत्र्याची लांब दोरी रस्त्याच्या आरपार ताणणे, किंवा न पाहता एकाएकी वळणे हे सारे दुसऱ्याच्या वाटेवरचे अतिक्रमणच आहे, आणि ज्याला हे टाळण्याचे सामर्थ्य आहे त्याच्यावर ते टाळण्याचे बंधनही आहे. पण दोघांची कर्तव्ये समान वजनाची नाहीत. चालणाऱ्याच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा सायकलस्वाराला ब्रेक दाबून भागवता येते. सायकलस्वाराच्या चुकीची किंमत चालणाऱ्याला मोडलेल्या खुब्याने मोजावी लागू शकते. जेथे हानीचे माप असे विषम आहे तेथे कर्तव्याचे मापही विषम असणे हाच न्याय होय.

तेव्हा सामायिक वाटेवरच्या पाटीकडून दोनच अपेक्षा रास्त ठरतात: वाट दोघांची आहे हे तिने सर्वांना कळेल अशा भाषेत आणि चित्रात सांगावे, आणि वेगवानाने थांबायचे आहे हे त्याला उद्देशून, त्याच्या वाचण्याच्या उंचीवर आणि अंतरावर सांगावे. त्यापलीकडे जे उरते, म्हणजे कोणत्या क्षणी कोणी थांबायचे, किती दुरून हाक द्यायची, कोणाच्या पावलांना अधिक जागा ठेवायची, ते विधीच्या कक्षेबाहेरचे आहे, कारण ते समोरच्याचे सामर्थ्य प्रत्यक्ष पाहूनच ठरवता येते आणि पाटीला डोळे नसतात. धर्मशास्त्राने वाटेच्या संदर्भात क्रियापद वापरले ते ‘देणे’ हे, आणि ज्याच्यापाशी काही आहे तोच देऊ शकतो. रस्त्यावर वेग हीच संपत्ती आहे. ज्याच्यापाशी ती अधिक त्यानेच प्रथम हात सैल करावा, आणि त्याने तो केला नाही तर कॅन्टोन्मेंटने कितीही पाट्या उभारल्या तरी त्या वाटेला सामायिक म्हणता येणार नाही.